नवा अ‍ॅम्प आणि माझा आवाज

रामनगर, शनिवार, संध्याकाळ

उद्या उळवीच्या जत्रेत गायचंय, आणि हा गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प घ्यायलाच नको होता. बेळगावच्या दुकानात त्याच्यावर गिटार किती गोड वाजली होती. दुकानदारानं माइक पुढं केला, गाऊन बघा म्हणाला. पण काकांचं सुतक होतं. नुसत्या तारा छेडल्या आणि घेऊन आलो. सुतकात खरेदी चालते आणि गाणं चालत नाही, हे कुणी ठरवलं? मीच.

आज सुतक फिटलं. अंगणात अ‍ॅम्प लावून पहिल्यांदा गायलो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. सगळी बटणं फिरवून झाली, तो डबा काही जाईना. आई आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिथूनच तिनं विचारलं, "गिटार झ्याक वाजतीया. पर गातंय कोण रं त्ये?"

दोष अ‍ॅम्पचा की माझा, एकदा कळू दे म्हटलं. गिटार अ‍ॅम्पला जोडलेलीच ठेवली, फक्त माइकची वायर काढली आणि गिटार वाजवत तेच गाणं नुसत्या गळ्यानं म्हणायला लागलो.

दुसऱ्या कडव्याला आई म्हणाली, "गायाचा का थांबलास रं?"

मी थांबलो नव्हतो.