झोपेची गोळी

१९ ऑगस्ट, मंगळवार

मोनालीला शारजात गोळी मिळाली नाही! उन्हाळ्यात जाताना सोबत नेलेल्या संपत आल्या. नागपूरची चिठ्ठी दाखवली, तर दुकानदार म्हणे ही इथे चालत नाही. शिवाय ही म्हणे 'कंट्रोल'मधली गोळी — तिथल्या डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय विकायचीच नाही. इथे प्रताप नगरातला आमचा औषधवाला मला लांबून पाहिलं की पाकीट काढून ठेवतो. तिथे नियम म्हणजे नियम.

पोरगी म्हणते, "आई, मी इथल्या डॉक्टरले सांगते न, सातवीपासून फिट येते म्हून."

"हळू बोल! धम्मानंद ऐकंल न."

"तो ड्युटीवर गेला," म्हणाली. 

आमच्या घरात तो शब्दच नाही. पहिली फिट आली त्या दिवसापासून ती 'झोपेची गोळी'. शेजाऱ्यांना झोपेची, नातेवाइकांना झोपेची. आणि खोटं तरी कसं म्हणू? त्या गोळीनं झोप येतेच! पोरीच्या नावाला एकदा मिरगी चिकटली की चांगलं स्थळ दारात उभं राहत नाही. लग्नाला चार वर्षं होतील. कन्हानला सासरी होती तोवर गोळ्या मीच गुपचूप पोचवायची. जावयाला, धम्मानंदला, पत्ता नाही. फिटही आली नाही एकदासुद्धा. मग कशाला उकरून काढायचं?

२१ ऑगस्ट

आज माझीच मला लाज वाटली. मोनालीची मैत्रीण रितिका शनिवारी दुबईला चालली, म्हणून बेसाला तिच्याकडे चिवड्याचा डबा घेऊन गेले. चिवड्याखाली गोळ्यांची पाकिटं. पोरगी हुशार — डबा बॅगेत बसेना म्हणून चिवडा पिशवीत ओतायला घेतला, आणि सगळं बाहेर!

"काकू, हे काय वं! मले विमानतळावरूनच उचलून नेतीन न!"

 माझ्या पोरीसाठी दुसऱ्याची पोरगी तुरुंगात घालायला निघाले होते. पाकिटं परत घेतली. चिवडा मात्र नेते म्हणाली. ऑटोत घरापर्यंत कान गरम होते.

२६ ऑगस्ट

दुपारी धम्मानंदचा फोन. एरवी उचलल्या उचलल्या "जयभीम आई" म्हणतो. आज एकदम हिंदी — "मम्मी, मोनाली जो गोली लेती है, वो किसलिए है? कब से चालू है?"

नागपुरात कोण कधी हिंदीत घसरेल, सांगता येतं का? भाजीवाल्याशी हिंदी, ऑटोवाल्याशी हिंदी, भांडण तर हिंदीशिवाय रंगतच नाही. मीही हिंदीतच उत्तर दिलं.

"कुछ नहीं बेटा, नींद की गोली है. पढ़ाई के टाइम से आदत लग गई. नहीं मिली तो भी चलेगा."

पलीकडून मग "ठीक है मम्मी."

कसं निभावलं! जीभ एकदाही अडखळली नाही. यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "जावई आहे वं तो, पोलीस नाही." यांना काय कळतं!

२७ ऑगस्ट

मोनाली फोन उचलत नाही. कामात असेल.

२८ ऑगस्ट

आज उचलला. आवाजच नव्हता तिला.

"आई, डॉक्टर समोर बसून होता. फोन स्पीकरवर होता."

म्हणून हिंदी! डॉक्टर हैदराबादचा, त्याला मराठी कळत नाही. आमच्या चिठ्ठीवर नुसतं गोळीचं नाव, आजाराचं नाही. आमचे जुने डॉक्टर वारले, दवाखाना कधीचाच बंद. तेव्हा हा म्हणाला, घरचं कोणी असेल तर विचारा — पण काही सुचवू नका, नुसतं विचारा. मोनाली तेव्हा बाहेर तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती. आणि मी ऐटीत सांगितलं, सवय लागली आहे! त्यानं लिहायला घेतलेला पेन खाली ठेवला.

"त्याच्या हिशेबानं मी नशेसाठी गोळ्या मांगून राहिली, आई."

यावर मी काय विचारलं? गोळ्या किती उरल्या, तू कशी आहेस — काही नाही. मी विचारलं, "म्हणजे धम्मानंदला कळलं का?"

तिनं फोन ठेवला.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

३० ऑगस्ट

इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. पेशंटला न बघता आजाराचा दाखला कसा देऊ म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. पण एक गोष्ट बजावून सांगितली — ही गोळी एकाएकी तोडायची नसते, फिट उसळून येते. तिथल्या डॉक्टरला आधी खरं सांगा. आजच सांगा.

घरी आल्या आल्या हे म्हणाले, "लाव न मंग फोन. सांग का मी खोटं बोलली म्हून. त्यात काय आहे?"

मोनालीवर तर त्या डॉक्टरचा विश्वासच नाही; त्याच्याशी बोलायचं तर धम्मानंदलाच जोडून दे म्हणावं लागणार. मोनालीनं डॉक्टरला एकटीनं गाठून सांगितलं असेल, जावयाला अजून ठाऊक नसेल — असं मी धरून चालले आहे. फोन हातात घेतला. त्याचं नाव समोर आलं. त्याच्या कानात 'मिरगी' म्हणायचं? माझ्या तोंडानं? आज सुट्टीचा दिवस, सोमवारी करते म्हटलं.

हे उठून बाहेर गेले.

मोनालीचा मेसेज : अर्धी अर्धी घेऊन राहिली.

१ सप्टेंबर, सोमवार

नाही केला.

३ सप्टेंबर

फिट आली. चहा करताना. उकळतं आधण उजव्या हातावर सांडलं, कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं, जीभ चावली गेली. धम्मानंद घरातच होता म्हणून बरं. त्यानंच फोन केला — "आई, तिले फिट आली. दवाखान्यात आणलं. तुम्ही डॉक्टरशी बोलता का?"

तिथले दुसरे डॉक्टर लाइनवर आले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मिरगी है. बचपन से है. मैंने झूठ बोला था. लगेच बाहेर पडलं! एवढंच होतं ते. याच्यासाठी मी सोमवार पाहत बसले.

औषध लगेच सुरू केलं. आता लिहूनही देणार आहेत. हात कोपरापर्यंत बांधलाय. डाग राहील म्हणाले.

माझ्या हातावर का नाही सांडलं ते पाणी?

७ सप्टेंबर, रविवार, पौर्णिमा

विहारात वंदनेला गेले. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. ओठ हलले, आवाज निघेना. सगळ्यांचा आवाज पुढे गेला, मी तिथेच.

रुख्मिणीबाई शेजारी होत्या. "घसा बसला का वं?" म्हणून खडीसाखर दिली.

हो म्हटलं. तिथेही खोटंच बोलले!

९ सप्टेंबर

धम्मानंदचा फोन. मीच सुरुवात केली — बाबा, चुकलं माझं, लग्नाच्या वेळीच सांगायला पाहिजे होतं. त्यानं मध्येच थांबवलं.

"आई, मले तं साखरपुड्याच्या आधीच सांगतलं होतं मोनालीनं. डॉक्टरलेही मी सांगून पाहिलं, पण आईच असं म्हणते म्हटल्यावर तो ऐकेच ना. मले ठाऊक आहे हे तुम्हाले कळू द्याचं नाही, म्हणे मोनाली. आईले वाटू दे का तिनं मले सांभाळलं."

चार वर्षं रोज संध्याकाळी मी दबक्या आवाजात फोनवर विचारायची, झोपेची गोळी घेतली का? तीही तितक्याच दबक्या आवाजात म्हणायची, हो आई. तो तिच्या शेजारीच बसलेला असायचा.