प्लास्टिकात बांधलेले चार शब्द

प्रिय बाबा,

आठ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. काल सोनबाकाका भेटला, तुझा तलावावरचा जोडीदार, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्याने सांगून टाकलं. म्हणून मूल गावच्या या शाळेत, रिकाम्या वर्गात लिहायला बसलेय.

माझी दहावी आठवते? इंग्रजी शब्द पाठ करताना मी रडायचे. मग सरांनी युक्ती सांगितली, शब्दाचं मूळ धरा, अख्खं कुटुंब हाती येतं. स्पेक्ट म्हणजे पाहणे. इन्स्पेक्टर, तपासून पाहणारा. स्पेक्टेटर, नुसता बघणारा. सस्पेक्ट, संशयाने पाहणे. रिस्पेक्ट, मानाने पाहणे. मी मराठी अक्षरांत चिठ्ठ्या केल्या आणि तू, चौथी शिकलेला माणूस, जाळं सांधता सांधता माझी उजळणी घ्यायचास. "आता सांग, बघ्याले काय म्हन्तेत?" स्वतः मात्र 'रिस्पेक' म्हणायचास! शेवटचा ट् गिळू नको म्हणून मी ओरडायचे. तू हसून पुन्हा गिळायचास.

स्वतः पाठ करायला नेलेली पहिली चिठ्ठी तू तलावात भिजवलीस. केवढी भांडले मी! "माह्या अभ्यासाची तुले किंमतच नाई!" दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी तू प्लास्टिकच्या पन्नीत घातलीस, जाळ्याच्या दोऱ्याने तीन गाठी मारल्यास आणि कमरेला खोचलीस. पाण्यात उतरणारे आपले लोक तंबाखू-काडीपेटी अशीच नेतात.

जंगलातल्या बंदूकवाल्यांना ते कसं कळावं? गावातून कोणीतरी पोलिसांना बातम्या देतो, असा त्यांचा वहीम होता. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर त्यांनी तुला आणि सोनबाकाकाला अडवलं. झडतीत पन्नी निघाली. "कागद एवढा बांधून काऊन ठेवला बे?" गाठी सुटेनात, तेव्हा सुरीने दोरा कापला. पहिलाच शब्द, इन्स्पेक्टर.

कुऱ्हाडीच्या दांड्याने आधी तुझे गुडघे फोडले, मग गाव बोलावून सगळ्यांसमोर तोंड, मग डोकं. गाव पाळीवर रांगेने उभं होतं आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सगळे स्पेक्टेटर! मला आजही त्या एकेकाची मान पिरगाळावीशी वाटते, खोटं कशाला बोलू? मी परीक्षेला ब्रह्मपुरीला होते. परत आले तर आईने तुझं तोंड मला पाहू दिलं नाही.

आठ वर्षं वाटायचं, भीतीने तुझी वाचा गेली असेल. चिठ्ठी पोरीच्या अभ्यासाची आहे, एवढं एक वाक्य बोलला असतास तर! मी तुझ्यावर रागावलेच होते, बाबा.

काल काकाने माझा हात धरला. "बाई, सांगाले मी तोंड उघडलं होतं. तुह्या बापानं माह्याकडं असं पाह्यलं, का मी गप झालो. कोनं लिहिली इचारलं तं म्हने, मीच लिहिली. तुले उचलून नेतीन, याचा भेव होता त्याले. मंग ते बंदूकवाले म्हने, वाचून दाखव. गुडघे फुटले होते, तरी वाचलं. शेवटच्या शब्दाले अडला अन् पुन्हा म्हनला. रिस्पेक... ट."

काऊन, बाबा? अक्षर माझं, पन्नी माझ्या भांडणाची, आणि मार तू खायचा? मला विचारायचं तरी होतंस!

आता मीच इंग्रजी शिकवते, आणि नेमका हाच धडा दरवर्षी गाळते. गेल्या वर्षी एका मुलीच्या कंपासात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी दिसली. काय झालं कोण जाणे, मी तिच्या कानाखाली अशी मारली की नाकातून रक्त आलं. चिठ्ठीत शब्दच होते. मी माफीसुद्धा मागितली नाही.

उद्या मागेन, तिच्या सगळ्या वर्गासमोर. मग फळ्यावर चारही शब्द लिहीन, अर्थ आणि उच्चारासकट, आणि ते कोणी कसे वाचले होते तेही सांगेन. एखादीने शेवटचा ट् गिळला, तर ओरडणार नाही, बाबा. तिला पुन्हा म्हणू देईन.

तुझीच भांडखोर,
कुंदा