इंजिन सुनेच्या नावे

मी, सिदू तात्याबा बंडगर, वय वर्षे ६६, मूळचा मंद्रूपचा, हल्ली राहणार होटगी रोड, सोलापूर, धंदा मोटार मिस्त्री, कोणाच्या दडपणाशिवाय, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. कान थोडे गेले आहेत. पण इंजिन ऐकू येते, आणि माणसांचे सगळेच ऐकले नाही तरी भागते असा माझा अनुभव आहे.

१. राहत्या दोन खोल्या व पुढची पत्र्याची शेड एकुलता मुलगा येडू याला द्यावी. मंद्रूपची माझ्या वाटणीची जमीन धाकटा भाऊ कसतो, ती त्याच्याच नावे करावी. मी तिच्यात घाम गाळला नाही, हक्क कुठल्या तोंडाने सांगू?

२. पोस्टातली शिल्लक मुलगी कस्तुराबाई हिची. जावयाने चौकशी करू नये.

३. आता मोटार. सन १९५६ची आठ सिलिंडरची शेवरोलेट, भंगारात निघालेली मी घेतली. बावीस वर्षे मी गिरणीत फिटर होतो. मागाचा कॅम लोखंडी रोलरवर फिरतो, घासत नाही, हे रोज डोळ्यांसमोर होते. मग मोटारीत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमखाली रोलर का नको? दीड वर्ष खपून कॅमशाफ्ट घडवला, सोळा रोलर बसवले. जाणते म्हणाले, "मिस्त्री, असलं इंजिन शर्यतीचं. बाजाराला कशाला?" मी त्याच मोटारीतून चौदा वर्षे बाजार केला. विजापूर रस्त्याला पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. याहून मोठे सुख असेलही, मला ते लागले नाही.

मात्र या इंजिनाकडे पाठ फिरवून चालत नाही. टॅपेटला, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या भागाला, मोजून फट ठेवावी लागते, म्हणून ते टकटक वाजते. वाजू द्यावे. मोटार चालू ठेवून चहा पीत उभे राहू नये. इंजिन मंद फिरले की रोलरला तेल पुरत नाही. स्प्रिंगा कडक आहेत, त्या थकण्याआधी बदलाव्यात. दर अमावास्येला मोटारीची लिंबू-मिरची बदलताना फट तपासावी. हे काम दोघांचे: एकाने पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन फिरवायचे, दुसऱ्याने मापाची पट्टी घालून बघायचे. पाना माझी बायको केराबाई धरायची. "एवडी नाडी माझी कदी बगितली न्हाय," म्हणायची. खरे होते. ती गेल्यावर तीन अमावास्या मोटार तशीच उभी होती. चौथीला सून शिवबाई आपण होऊन पाना घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, कुटं थांबायचं तेवडं सांगा." आता पट्टीही तीच घालते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

४. मेहुणे बिरप्पा यांनी त्यांच्याकडच्या लग्नाच्या वरातीला मोटार नेली. टकटक ऐकून पाहुणे हसले, म्हणून दुधनीत कोणाकडून तरी सगळ्या फटी बंद करून घेतल्या. इंजिन मुके झाले, व्हॉल्व्ह पुरता मिटेना म्हणून जळाला, नवरदेव बैलगाडीतून मांडवात गेला. त्यावर वर्षानुवर्षे सांगत फिरले, "दाजींची गाडीच लई फसवी!" तो जळका व्हॉल्व्ह मी त्यांच्या नावे करतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. बिरप्पांना साक्षीची फार हौस होती, म्हणून काहीतरी देणे भाग पडले.

५. येडूचे म्हणणे, "आण्णा, डिझेल इंजिन बसवतो. टॅक्सी करून अक्कलकोटला मारली की चार पोरांचं भागंल." त्यात खोट नाही. पेट्रोल आता श्रीमंतांनी प्यावे असे झाले आहे. पण माझे इंजिन भंगारात जाईल या विचाराने घास उतरत नाही, हेही खरे. सबब मोटारीची बॉडी येडूची आणि इंजिन शिवबाईचे. काढायचे, ठेवायचे, विकायचे, तिने ठरवावे. तिने विकले तरी माझी तक्रार नाही. फट कशी ठेवायची हे शिकून घेणारे माणूस मला घरातच मिळाले.

इथवर लिहून दोघांना वाचून दाखवले. येडू म्हणाला, "इंजान हिचं, मग मी नुसती बॉडी ढकलू व्हय?"

शिवबाई म्हणाली, "डिझेल बसवा की. पर आदी एकडाव ह्याची फट बगून द्या, मग काडा. आजपातुर हात तरी लावलाय का तुमी?"

दोघे शेडमध्ये गेले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग तिचे "थांबा", पुन्हा "थांबा", आणि मध्येच येडूचे, "आगं, मला बगू दे की!" सोळाच्या सोळा झाल्यावर त्यांनी मोटार सुरू केली. टकटक एकसारखी होती. काही चुकलेय का बघायला मी उठलो नाही. साक्षीदार आलेच आहेत, बसल्या जागी खाली सही करतो.

सही: सिदू तात्याबा बंडगर

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. कुंडलिक भीमा गवळी, गिरणीतले निवृत्त जॉबर (मुकादम)
२. नरसय्या लक्ष्मय्या गड्डम, शेजारी, मागवाले

सोलापूर, ता. ३ मार्च १९७६