सुमनबाई बाकावर जाऊन बसल्या

सोमवार, संध्याकाळ

ग्रंथालयाच्या नव्या वेबसाइटची चाचणी फसली असंच वाटलं. तांड्यावरच्या सुमनबाईंच्या कपाशीत अळी शिरलीय. वेबसाइटवरून बोंडअळीचं पुस्तक मागवा, एवढंच त्यांना सांगितलं. मध्ये बोलायचं नाही, हा माझाच नियम. त्यांनी दोनदा बटण दाबलं आणि सरळ बाकावर जाऊन बसल्या. कंटाळल्या? शेवटी न राहवून विचारलं, "का सोडून दिलंत?"

"सोडलं कुठं, मॅडम? चिठ्ठी देल्ली न. नाव पुकारायची वाट पाहून राह्यली."

खरंच की. आमच्याकडे चिठ्ठी दिली की त्याच बाकावर बसायचं असतं. माझ्या संगणकावर त्यांची मागणी केव्हाची येऊन पडली होती. मीच पाहिलं नव्हतं. म्हणजे त्यांना जमलं!

पुस्तक काढलं आणि रिकाम्या खोलीत नेहमीसारखं मोठ्यानं पुकारलं, "सुमनबाई, फुलसावंगी तांडा."

"हाव," म्हणत त्या उठल्या.