मांडेल त्याचं बक्षीस

ऑस्लो, २२ ऑगस्ट

ती. आस्लाउग मावशीस युरुनचा नमस्कार.

तू पाठवलेला वाळवलेला मासा पोचला. जिन्यापर्यंत वास आहे आणि शेजारीण बोलेनाशी झाली आहे.

आमच्या आरोग्य-अर्थशास्त्राच्या संमेलनाची रीत तुला ठाऊक आहे. निबंध लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं आणि तो दुसऱ्यानं मांडायचा. यंदा सगळ्यात चांगला निबंध लिहिणाऱ्या तरुण संशोधकाला पारितोषिक होतं, त्यासोबत दोन वर्षांची नोकरी. माझी आत्ताची डिसेंबरात संपते. तुमच्या बेटावरच्या बायका बोट चुकली की दवाखान्याला कशा मुकतात, हा माझा निबंध (तुझा गुडघाही त्यात आहे) कोपनहेगनच्या कास्परनं मांडला. छान मांडला. परीक्षकांनी निबंध वाचलेच नव्हते, त्यांनी कास्परलाच पारितोषिक दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

तुझी,
युरुन

बेटावरून, ३० ऑगस्ट

चि. युरुनला आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

टाळ्या वाजवल्यास? शाबास. घर लुटणाऱ्याला तू कॉफीही विचारशील. माझा गुडघा सांगून बक्षीस नेलं त्या पोरानं, ज्याला आमच्या धक्क्यावर उभं केलं तर वाऱ्यानं उडेल. आणि ते परीक्षक! देशोदेशीच्या आरोग्याचा हिशेब करतात म्हणे, पण चार पानं वाचणं जिवावर येतं. आमच्याकडे केकची स्पर्धा असते, तिथंसुद्धा केक खाऊन बघतात. वाढणाऱ्याला बक्षीस देत नाहीत.

त्यांना लिही. तुझा तो सभ्यपणा खारवून पिंपात भर.

तुझी रागावलेली,
मावशी

ऑस्लो, १९ सप्टेंबर

ती. मावशीस नमस्कार.

लिहिलं. उत्तर फार गोड आलं. चूक त्यांना मान्य आहे, पण बक्षीस परत मागितलं तर कास्परला अवघडल्यासारखं होईल. कास्परनंही आपल्याला किती वाईट वाटतं ते दोन पानं भरून कळवलं. परत देण्याबद्दल एक ओळ नाही. पुढची दोन वर्षं त्या नोकरीत तो तुमच्या बोटींवरच संशोधन करणार आहे.

माझा मान राखायला पुढल्या वर्षी मला एक निबंध मांडायला दिला आहे. कास्परचा. एवढ्यावर सगळं मिटलं असं त्या शहाण्यांना वाटतं.

नोकरी गेली, मावशी. रडू येतं, तुझ्यापाशी कशाला लपवू? जानेवारीत तुझ्याकडे येते, माडीवरची खोली तापवून ठेव. निबंध मांडायला मात्र मी होकार दिलाय. त्यातलं माझं किती नि त्याचं किती, ते पहिल्यापासून सांगणार आहे. कास्परला रीतीप्रमाणे गप्प बसावं लागेल.

लावतेस तसाच जीव लावत राहा.

तुझी,
युरुन