कडीमागची खुर्ची

बुर्गास, ३ मार्च

ती. ओग्न्यानदादास सा. न. वि. वि.

स्लावकावहिनीचा फोन आला होता. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, आता इंजेक्शनं चालू आहेत, हे कळलं. पण रोज सकाळी खोलीला आतून कडी घालून तू करतोस तरी काय? वहिनी म्हणाली, खुर्ची करकरते आणि तू आकडे मोजतोस. डॅन्यूबवर तीस वर्षं बोटींची इंजिनं खोललीस, आता खुर्ची खोलतोयस की काय? सविस्तर लिही.

तुझी चौकस
रोसित्सा

रूसे, ९ मार्च

चि. रोसित्सास अनेक आशीर्वाद.

इंजेक्शनांनी अंगातली ताकद पार गेली. तळघरातून लोणच्याची बरणी आणताना जिन्यात दोनदा बसलो. म्हणून इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी घरीच करायला दिलंय: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, दाराच्या मुठीला रबरी पट्टा अडकवून ओढायचा, मग चालायचं. दर गुरुवारी फोन करतात. थाप मारली तर आवाजावरून ओळखतात!

कडीचं कारण वेगळं. उठताना लघवी निसटते. त्यासाठी खालचे स्नायू आवळायचा व्यायाम आहे, पण गुण यायला वेळ लागतो. स्लावकाने ते बघू नये. तिला सांगितलंस तर याद राख.

माया असू दे.
ओग्न्यान

बुर्गास, १५ मार्च

ती. दादास सा. न.

मीही उठून पाहिलं. सहाव्यालाच धाप लागली! ते आवळणं नेमकं कसं, श्वास रोखायचा की सोडायचा? विचारते, कारण माझ्या ल्युबेनच्या बाळंतपणापासून खोकला आला की माझंही तसंच होतं. एकतीस वर्षं कुणालाच बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा. आज पहिल्यांदा लिहितेय. वहिनीला मी नाही सांगणार. तूच सांग.

उत्तराला उशीर नको.
रोसित्सा

रूसे, २३ मार्च

चि. रोसित्सास आशीर्वाद.

श्वास रोखायचा नाही. बाईंना विचारलं, बायकांनाही याचा उपयोग होतो म्हणाल्या. मात्र तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखव.

स्लावकाला सांगितलं. ती माझ्यावर भडकलीच. मोजता मोजता मी थांबलो की तिला वाटायचं, हा आत रडतोय. मग ती दाराबाहेर ताटकळत उभी राहायची. पहिल्या आठवड्यात खरंच रडलो होतो, तेही सांगून टाकलं. त्यावर तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, माझ्या शेजारी मांडली आणि विचारलं, सुरुवात कुठल्या आकड्यापासून करायची.

दोघांची आठवण ठेव.
ओग्न्यान