आई तुझं नाव सांगेना

प्रिय बा,

आत्ताच आईला घेऊन दवाखान्यातून आले आणि चप्पलही न काढता तुला लिहायला बसले. बातमीच तशी आहे!

हे जग सोडून जाताना तू म्हणालास, "हिनं लय कष्ट केलं. आता हिला बसवून जेवाया घाला." मी ऐकलं. आपल्या गावाहून, पोशेऱ्याहून, तिला इथे जव्हारला आणलं. शाळेत शिकवायला जाताना तिला टीव्हीसमोर बसवून जायचे, साधा तांब्या उचलू द्यायचे नाही. कसली रे आज्ञा ही, बा? बसून बसून आई मंदावली. जेवली की नाही, आठवेना. मग मला 'बाई' म्हणू लागली. पोटच्या पोरीला बाई!

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव काय?" आई मान खाली घालून गप्प. मला वाटलं, तुलाही विसरली?

त्या म्हणाल्या, "वयानं थोडं विसरायला होतं. पण यांना ऐकू कमी येतं, चालणं नाही, बोलायला कोणी नाही. डोक्याला काही काम नको का?"

मग कानाला मशीन बसवलं आणि तिला दादाकडे पोशेऱ्याला धाडलं. आता काय विचारतोस! नागली पाखडते, बायांबरोबर बाजाराला चालत जाते, शेजारणीशी भांडतेसुद्धा! भाजीत मीठ अजून दोनदा पडतं, पण ते आम्ही आनंदाने खातो.

आज तपासणीला आणलं, तर पुन्हा तोच प्रश्न. आई पुन्हा गप्प. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात तोंडाला पदर लावून ती हसली, "इतक्या माणसांत त्यांचा नाव कसा घेऊ? लाज नाय का?"

अगं बाई! जन्मभर तिने तुला नावाने हाक मारली नाही, हे मला कसं सुचलं नाही? ती लाजत होती आणि आम्ही तिला नापास करत होतो!

"मग मला कळणार कसं?" डॉक्टरीणबाईही हटेनात. आईने माझ्याकडे बोट केलं. "ही माझी सुमन. हिच्या नावामागं जो लावलाय, तोच."

मला 'सुमन' म्हणाली, बा! किती महिन्यांनी!

तुझा तेवढा शब्द मात्र मी मोडणार. तिला बसवून ठेवणार नाही. सुट्टी लागली की मीही पोशेऱ्याला जाईन आणि तिच्या हाताखाली राबेन. चुकले की नावाने ओरडेल ना ती!

तुझीच,
सुमन महादू